गणित सुटलं

मी दुसरीतून शाळा सोडली ती मासळी विकायला बसले. घरवाले मुंबईला गोदीत, शिमग्याला नि गणपतीला यायचे. म्हणून कागदाचं काही निघालं की धाकट्या दिरांकडे जायचं. ते रत्नागिरीत कचेरीत कारकून. शिकलेला माणूस, त्यांचा शब्द तो शब्द.

माझी थोरली दहावीला चांगली पास झाली. तिला पूल बांधायचा होता. आम्ही खाडीपलीकडचे, पावसात होडी बंद झाली की हिची शाळा बुडायची. एवढीशी होती तेव्हापासून बोलायची, मी इथं पूल घालीन. मास्तरांनी सांगितलं, त्याला इंजिनेर व्हायला लागतं, आणि इंजिनेर व्हायचं तर अकरावी-बारावीला गणित सोडायचं नाय.

एवढं मला कळलं होतं. कॉलेजात नाव घालायच्या दिवशी पोर तापाने पडलेली. मी भावजींना बोलले, बाकी तुम्हाला कळतं ते करा, तिचं गणित तेवढं बघा.

संध्याकाळी ते आले, छत्री मिटून पडवीत टेकले.

"वहिनी, गणित सुटलं एकदाचं. आता घोर नाय."

पोर घरात गणितं करायची, उत्तर आलं की तिथूनच सांगायची, आई, सुटलं. मला सुटलं म्हणजे तेच माहीत. विकायला वेगळी काढलेली खाडीची कोलंबी मी भावजींच्या ताटात घातली. पोटभर जेवले, वर सोलकढी मागून घेतली.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी पोर परत आली ती तशीच चुलीपाशी बसली. गणिताच्या तासाला तिला उठवलं होतं. गणिताच्या जागी तिला भूगोल दिलेला.

मी तशीच होडीत बसून भावजींकडे गेले. पेपर वाचत होते.

"मी फसवलं कुठं, वहिनी? सुटलं म्हणून तोंडावर सांगितलं. तुम्ही तर कोलंबी वाढलीत."

मग समजावायला लागले. गणित घेतलं तर उद्या इंजिनेरीला पोरीला सांगली-कराडला ठेवायला लागेल, तिथं तिच्यावर लक्ष कोण ठेवणार. आणि दादाला विचारूनच केलंय. म्हणजे घरवाल्यांना पण माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला नि पोरीला.

मी कॉलेजात गेले तर बापाची सही आण बोलले. गणपतीपर्यंत आणलीस तर विषय बदलून मिळेल म्हणाले. गणपतीला घरवाले आले तेव्हा मी पुढ्यात पेन ठेवलं.

"आता राहू दे," बोलले, आणि आरतीला गेले.

पुढं भावजींची मुलगी अकरावीला गेली. पेढे घेऊन आले. हिला गणितच दिलंय, बोलले. बारावी झाल्यावर ती इंजिनेरीला कराडला हॉस्टेलात राहिली. तिच्यावर लक्ष कोण ठेवणार ते कोणी विचारलं नाय. माझ्या थोरलीने पेढा खाल्ला, हात धुतले आणि भांडी घासायला बसली.

मी भांडले नाय. त्यांच्याकडच्या लग्नात राबले, उष्टी काढली. कोलंबी मात्र परत त्यांच्या ताटात घातली नाय.

खाडीवर पूल झाला, तो दुसऱ्यांनी बांधला. थोरली त्याच्यावरूनच माहेरी येते, एसटीने. तिची मुलगी माझ्याजवळ वही घेऊन बसते आणि मधेच बोलते, आजी, गणित सुटलं.

मी विचारते, "आलं की गेलं?"

नात हसते. थोरली हसत नाय.