जिच्या खुनाचा तपास मी केला होता

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. बाकीची प्रकरणं धूसर झाली, हे एक झालं नाही. नोकरीत असताना मी ते बंद केलं होतं. निवृत्तीनंतर परदेशात, धावत्या आगगाडीत, ते माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. संबंधितांची नावं मुद्दाम देत नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, तोच एक नवरा-बायको आले. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी चार दिवसांपासून घरी नव्हती. तिचं लग्न ठरलेलं होतं. हरवल्याची नोंद घेतली. वर्णनात लिहिलं : रंग सावळा, बांधा सडपातळ, डाव्या भुवईत मधोमध जुन्या जखमेची खूण.

बारा दिवसांनी शिवारातल्या एका पडीक विहिरीत तरुणीचा मृतदेह सापडला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. पायातले पैंजण पाहून आईने हंबरडा फोडला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "डीएनएसाठी नमुना पाठवायचा का?"

मी म्हणालो, "आईने ओळखलंय. आता कशाला?"

दोन दिवसांनी खबर आली. देवगाव फाट्यावरचा एक हॉटेलवाला आमच्या हवालदाराला म्हणाला, "पोरगी गायब झाली त्या दिवशी सकाळी तिचा भाऊ तिला गाडीवर घेऊन आलता. वापस गेला तवा एकटाच व्हता."

भावाने ही गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. चोवीस वर्षांचा, शेती करणारा, कमी बोलणारा पोरगा. मी त्याला उचलून आणलं.

"व्हय साहेब, म्याच तिला फाट्यावर सोडलं," तो म्हणाला. "तिला लगीन करायचं नव्हतं. पुढं शिकायचं व्हतं."

"कुठे गेली?"

"म्हाईत न्हाई."

"सख्ख्या भावाला माहीत नाही?"

"म्याच तिला म्हणलं, मला ठिकाण सांगू नको. उद्या कुणी मारलं तर तोंडातून निघून जाईल."

मी हसलो होतो. आमच्या भागात भाऊ बहिणीला पळून जायला मदत करतो, हे मला पटलंच नाही. बहिणीने लग्न मोडायचं म्हटलं, भावाचा राग अनावर झाला, ही गोष्ट माझ्या डोक्यात आधीच तयार होती. तिसऱ्या दिवशी त्याने गुन्हा कबूल केला. कसा केला, ते लिहायला आज मला लाज वाटते. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याला पंचांसमोर नेऊन विहीर दाखवायला लावली. ती विहीर तोवर अख्ख्या गावाला ठाऊक झाली होती. आईने कोर्टात पोराविरुद्ध साक्ष दिली. जन्मठेप झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

पुढे मी निवृत्त झालो. मुलगी जर्मनीत, म्युनिकला नोकरीला. तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

त्या शनिवारी कसलीच घाई नव्हती. चौतीस वर्षं माझी सकाळ वायरलेसच्या खरखरीत गेली. तिथे आम्ही दहा वाजेपर्यंत नदीकाठच्या बाकावर नुसतं बसून होतो. लोक कुत्री फिरवत होते. एक म्हातारा पेपर वाचता वाचता डुलक्या घेत होता. भाजीच्या बाजारात बायकोने एका जुडीचा भाव मुलीकडून विचारून घेतला आणि कपाळाला हात लावला. कॉफी घेतली, चर्चच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलो. "अशी सकाळ तुम्ही मला परभणीत एकदा तरी दाखवली का?" असं बायको म्हणाली. खरंच दाखवली नव्हती.

दुपारी आम्ही तिघांनी साल्झबर्गची गाडी पकडली. डबा शांत होता, माणसं एकमेकांशी कुजबुजत बोलत होती. बायकोने मात्र बहिणीला फोन लावला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "अगं, लय थंडी हाय इथं! ऊन पडलंय, पण अंगाला लागंना."

पलीकडच्या रांगेतून एक तरुणी उठून आली. जीन्स, राखाडी कोट, पाठीवर बॅग.

"मावशी, तुमी परभणीकडच्या का वो?" तिने विचारलं. "लय वर्षांनी असं बोलणं ऐकलं."

बायकोने फोन ठेवला आणि तिला शेजारी बसवून घेतलं. "तू कुठली गं? इथं काय करायलीस?"

"मी नर्स हाय. हैदराबादला शिकले. दोन वर्षं झाली इकडं येऊन. गाव देवगाव फाट्याच्या बाजूला."

"घरी कोण कोण हाय?"

"आई, दादा, भाऊ." आमच्याकडे बापाला दादा म्हणतात. "पण आठ वर्षं झाली, कुणाशी बोलणं न्हाई. मी घरातून पळून आले, मावशी. भावानंच मला फाट्यावर आणून सोडलं. म्हणला, पोटभर शीक, मागं बघू नको, फोनसुदिक करू नको, दादा माग काढतील."

मी खिडकीकडून मान वळवली. तिच्या डाव्या भुवईत मधोमध केस नव्हते.

मृतदेह मी पाहिला होता. पंचनाम्यावर माझी सही होती. तीच मुलगी माझ्यासमोर बसून बायकोने दिलेली शंकरपाळी खात होती.

"वडलांचं पूर्ण नाव काय?" मी विचारलं.

तिने सांगितलं. आरोपपत्रावर आरोपीच्या बापाचं तेच नाव होतं.

माझी मुलगी घाबरून म्हणाली, "बाबा, काय होतंय? पाणी देऊ का?" मी हातानेच नको म्हटलं. क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. पुढच्या स्टेशनवर ही उतरेल, कुणाला काही कळणार नाही. हा विचार माझ्या मनात आला, हेही इथे लिहायलाच हवं.

"पोरी, तुझा भाऊ तुरुंगात आहे," मी म्हणालो.

"कशापायी?"

"तुझ्या खुनापायी."

ती आधी हसली. मग तिने माझ्या बायकोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"तुमाला कसं ठाऊक?"

"त्याला आत टाकणारा अधिकारी मीच."

हातातली शंकरपाळी खाली पडली. बायको माझ्याकडे पाठ करून तिच्याजवळ सरकली, तिचा हात धरला.

पुढची धावपळ माझ्या मुलीने केली. भारतीय वकिलातीत त्या तरुणीचं प्रतिज्ञापत्र झालं. ती भारतात आली. आईच्या रक्ताशी तिचं रक्त जुळलं. भावाचं अपील हायकोर्टात पडूनच होतं. तिथे मीही प्रतिज्ञापत्र दिलं, तिसऱ्या दिवशी कोठडीत काय झालं त्यासकट. जुने सहकारी म्हणाले, "साहेब, पेन्शनीत कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?" चौकशी सुरू झाली, ती भोगतो आहे. विहिरीतली ती दुसरी मुलगी कोणाची, याचा तपास आता नव्याने चालू आहे. तसले पैंजण आमच्या भागात घरोघरी असतात. आठ वर्षं तिचा शोध कुणी घेतला नाही, कारण तिच्या जागी मी दुसरीचं नाव लिहून फाईल बांधली होती.

ओळख, कबुली, दाखवलेली जागा : कागदावर माझं सगळं पक्कं होतं आणि त्यात खरं काहीच नव्हतं. खरं तेवढं पहिल्या दिवशी एका पोराने तोंडी सांगितलं होतं. नवे अधिकारी भेटतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो, की आरोपीचं म्हणणं न पटणं हा पुरावा नसतो. ती फाट्यावरून कोणत्या गाडीत बसली, हे विचारून त्या पोराचं उत्तर तपासायला एक दिवस आणि एक माणूस लागला असता. माझ्याकडे दोन्ही होते.

हायकोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. सुटकेच्या आधी तुरुंगात बहीण-भावाची भेट झाली, तेव्हा मी दाराशी उभा होतो. तो तिशीतच पिकला होता. जाळीपलीकडे तिला पाहून तो पुढे आला. तिला रडू आवरत नव्हतं. मग त्याने जाळीला बोटं लावली आणि विचारलं,

"शिक्षण पुरं झालं का गं?"