घोडीच्या ट्रॉलीतलं गरम पाणी

टप टप टप. मग सपकन छडी.

बाबारावची माझ्या मनातली पहिली आठवण ही.

चौथीत गुरुजी मला घोड्याची कविता म्हणायला उभं करायचे आणि मागच्या बाकावर बाबाराव बोटांच्या पेरांनी टापा वाजवायचा.
शब्द माझे, टापा त्याच्या. छडी दोघांना.

तो गेला त्याला महिना झाला. आणि त्याआधीचे दोन महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

मी पुढे मराठीचा मास्तर झालो. तो नांदगाव पेठला शेती सांभाळून लग्नाची घोडी ठेवू लागला. चांदणी. दुधासारखी पांढरी. जीपच्या मागे बंद ट्रॉली, ट्रॉलीत चांदणी. थेट चांदूर रेल्वेपर्यंतचे नवरदेव तिच्यावर बसले.

त्याची बायको, आमच्या सुशीलावहिनी, चांदणीला 'सवत' म्हणायच्या. तिच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

माझ्या नातवाची वरात चांदणीवरच निघणार, हे नातू हाफपँटीत होता तेव्हाच ठरलं होतं.

दिवाळीनंतर एकदा बाबाराव हार्डवेअरच्या दुकानात दिसला. पोत्यात गॅसचा गीझर. हातात शॉवर, नळी आणि फवारणीच्या पंपाची नवीकोरी मोटर.
मला पाहिलं आणि पोत्याचं तोंड आवळलं.

"बाथरूम बांधून राहिला का?"
"हाव."

पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. बाथरूम जुनंच. वहिनी अंगणात चुलीवर पाणी तापवत होत्या.

मग गीझर गेला कुठे?

गोठ्यामागे ट्रॉली उभी होती. दार आतून बंद. आत पाणी पडल्याचा आवाज, फटीतून वाफ. तळाला नवं भोक पाडलेलं, आणि त्यातून पांढरट पाणी वाहत होतं.

मी त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

थोड्या वेळाने तो चांदणीला घेऊन बाहेर आला. तिच्या अंगावर झूल. मला चहाला चल म्हणाला, आणि जाता जाता रिकाम्या ट्रॉलीला कुलूप लावलं. स्वतःच्या अंगणात, कुलूप.

माझ्या डोक्यात तिथंच उजाडलं. चांदणी म्हातारी झाली, पिवळी पडली असणार. हा तिला रंग लावतो आणि पांढरी म्हणून खपवतो.

पुढच्या एका लग्नात मी मुद्दाम तिच्या मानेवर रुमाल घासून पाहिला. रुमाल कोरा निघाला.
तरी संशय गेला नाही. वाटलं, पक्का रंग असेल.

आणि एक दिवस पानठेल्यावर, चार लोकांसमोर मी बोलून गेलो, "घोडीले रंग देऊन राहिला का बे?"

तो पान चघळायचा थांबला.
"तुले तसं वाटते?"
"मंग कुलूप काहून?"

तो जीपमध्ये बसला आणि निघून गेला.

मी नातवासाठी दुसरी घोडी सांगितली. त्याला फोन करून कळवलंही. पलीकडून फक्त "बरं" ऐकू आलं.

मग जानेवारीत, तुरीच्या वावरात, अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. वहिनी मला उठवून गोठ्यामागे घेऊन गेल्या. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडली होती. त्यांनाही इतके दिवस संशय होता. त्यांना वाटायचं, आत बाटल्या लपवतो.

कुलूप उघडलं.

आत रबराची चटई. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, त्यावर ती मोटर, बॅटरीला जोडलेली. गीझर आणि छोटं सिलेंडर ट्रॉलीच्या बाहेर, पुढच्या बाजूच्या जाळीदार पेटीत, ज्योत पाहून चांदणी बुजू नये म्हणून; ती पेटी आम्ही अवजारांची समजत होतो. आत फक्त नळी आणि शॉवर.
खिळ्याला घोडी घासायचा खरारा अडकवलेला. त्याच्या दातांत वाळलेला फेस आणि चमकी.

लग्नात पोरं स्प्रेनं फेस उडवतात ना, तो.

"चट्टे उठत होते तिच्या आंगावर," वहिनी म्हणाल्या. "थंड पान्यानं तो फेस निघे नाही, अन् हिवाळ्यात गारठे ते. चट्टे मले दिसले होते, भाऊजी. हे नव्हतं माईत."

"मग तुमच्यापासून कशाला लपवलं?"

वहिनी रडता रडता हसल्या.
"कसे सांगतीन? चाळीस वर्सं झाली, मी चुलीवर पानी तापवून राहिली. बायकोच्या आधी घोडीले गीझर! मी त्यायलेच उभं केलं असतं त्या शॉवरखाली."

ते पांढरं पाणी फेसाचं होतं.
जन्मभर वर्गात कवितांचा अर्थ लावत आलो. मित्राच्या अंगणातल्या पाण्याचा लावता आला नाही.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पोस्ट करायचा धीर झाला नाही.

आज नातवाचं लग्न. सांगितलेली घोडी दुपारी यायची होती.

सकाळी दारात मांडवाची आंब्याची पानं सारखी करत होतो. रस्त्यावरून आवाज आला.

टप टप टप.

पाहतो तर फाटकाबाहेर चांदणी. नुकतीच न्हालेली, अंगातून वाफा निघत होत्या. कोपऱ्यावर ट्रॉली उभी, जीपमध्ये वहिनींचा भाऊ.
आणि चांदणीचा लगाम सुशीलावहिनींच्या हातात. पातळ कमरेपर्यंत भिजलेलं.

"मी आत येत नाही, भाऊजी. शुभ कार्य आहे. तुमी नाही म्हटलं होतं, पण त्यायनं या तारखेले दुसरं लग्न घेतलंच नव्हतं."
मग चांदणीच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, "आज मीच धुतली इले. पानी कोपरानं पाहून."

मी फाटकाची दोन्ही दारं उघडली. सून ओवाळायचं ताट घेऊन धावत आली आणि वहिनींना पाहून थबकली.

मी म्हटलं, थांबू नको. दोघींना ओवाळ.

बाबाराव, टापा ऐकू आल्या. चुकलो रे मी. जा आता, सुखाने जा.