अध्यक्षांचा आवाज

आमच्याकडे सून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. अगदीच काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगायचं. याचा एक फायदा मला फार उशिरा कळला. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असं पुरुषमंडळी धरून चालतात.

माझे भासरे गावतलावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. निवडणुकीत आम्ही खालच्या बांध्यांवाल्यांनी, म्हणजे तलावाखालच्या धानशेतांवाल्यांनी, त्यांना मतं दिली नाहीत, तरी ते निवडून आले. आणि ऐन धान निसवायच्या वेळी आमच्या पाटाचं पाणी बंद झालं. म्हणे, पाणी राखून ठेवायचा वरून हुकूम आहे. तो हुकूम कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण अध्यक्षांना विचारणार कोण? लोंबी बाहेर पडताना पाणी चुकलं की हाती नुसता पोचट माल येतो. आमचं वर्षाचं जेवण त्या बांधीत उभं होतं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे नं, घरचाच मानूस आहे."

"घरचा आहे म्हनूनच तं जास्त आग लागते," मी म्हटलं.

दोन्ही घरांचं आंगण एकच. सकाळी ते खाटेवर बसून फोन करायचे, आणि पलीकडचा माणूस बहिरा असल्यासारखे ओरडायचे. मी माझा फोन रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवायला लागले. चोरून ऐकण्याची मला मुळीच लाज वाटली नाही. शेवटी एका सकाळी सापडलं. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडबंद करणाऱ्या माणसाला ते सांगत होते, "कायचा हुकूम न् कायचं काय! खालच्यायनं मले मत देल्लं काय? वाळू दे त्यायचे धान. तुडुम उघडू नोको, किल्ली मीच ठेवतो." तेवढ्यात त्यांची म्हैस माझ्या वालाच्या वेलाकडे वळली. तिला घातलेली लांबलचक हाकही रेकॉर्डिंगमध्ये आली.

सभा तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, भरली. मी पदर नीट केला, पुढे गेले आणि फोन माइकला लावला. ‘वाळू दे त्यायचे धान’ पर्यंत वाजवून बंद केला.

अध्यक्ष गोड हसले. "हे मशिनीचं काम आहे. आजकाल कोनाचाही आवाज बनवतेत."

लोक चुळबुळले. चार माना डोलल्यासुद्धा. तेवढ्यात मागून एक म्हातारी खेकसली, "पुरं लाव नं वो बाई! अर्धं कायले?"

मी पुरं लावलं. भोंग्यातून ती हाक पाळीवरून तलावावर गेली. आमच्याकडे ज्याची त्याची जनावरं बोलवायची हाक वेगळी असते. तलावात गावच्या साऱ्या म्हशी डुंबत होत्या. त्यातल्या फक्त अध्यक्षांच्या उठल्या. पाळ चढल्या, उतरल्या आणि चिखलाने माखलेल्या अंगाने थेट सभेत घुसून भोंग्यापाशी उभ्या राहिल्या.

मग म्हातारी म्हणाली, "यायले कोन शिकवलं रे, मशिनीनं?" सभा अशी हसली की समितीचे मेंबरही पोट धरून बसले. अध्यक्ष तेवढे म्हशी हाकलत होते, आणि हाकलायलाही तोंडातून तीच ओळखीची ओरड निघत होती.

मी भिंत शोधली नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "भाऊजी, तुडुमाची किल्ली द्या."

लग्न झाल्यापासून त्यांच्याशी समोरासमोर बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि पुढच्याच सभेत खुर्चीही गेली.

दिवस कलताना पाणी पाटातून आमच्या शेवटच्या बांधीत शिरलं. नवरा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडत धावत होता, "आलं वो, आलं!" मी चपला काढल्या, धानात उतरले आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले.