एक मत विरुद्ध

"मावशी, तुम्ही चहाचं बघा."

एवढंच म्हणाले साहेब. माईकवरून. आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि माझे मालकही. इथं कुवेतमध्ये, जाब्रियात, त्यांच्याच घरी मी कामाला, माझा व्हिसा त्यांच्याच नावावर. सभेत मी उभी राहिले ती एक प्रश्न विचारायला. ठराव यायचा होता, की घरकामाच्या व्हिसावर आलेल्यांना यापुढे मंडळाचं सभासद राहता येणार नाही. मी वर्गणी भरलेली सभासद. गणपतीला सगळ्यांचे मोदक वळणारी. विचारलं, "का बरं?" आणि हॉल हसला. हसणाऱ्यांत मी अंगाखांद्यावर वाढवलेली त्यांची लेकही होती. ते जास्त लागलं हो.

गेले. चहा ओतला.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना रूथ भेटायची. हे तिचं खरं नाव नव्हे, तिला त्रास नको. वरच्या मजल्यावर एका म्हातारीला सांभाळायची. आणि ही बाई आफ्रिकेत, तिच्या देशात, दोनदा खासदार झालेली! विरोधी पक्षाची. मला आधी थापच वाटली. मग तिनं मोबाइलवर दाखवलं. ही उभी, आणि समोरचे पुरुष बाकं बडवताहेत.

"काय ओरडतात गं?"

"घरी जा, स्वयंपाक कर."

मोडक्या हिंदीत सांगायची सगळं. शाळेत शिकवायची, तिथून निवडून आली. जमिनी लाटणाऱ्या मंत्र्यांवर बोलली, तर माईक बंद. पुन्हा निवडून आली, तर घर जाळलं. मग पळाली, ती इथं.

"तिथं सभागृहात कधी जिंकलीस का?"

"एकही मतदान नाही. इथं निदान भात तरी माझं ऐकतो." हसली. मग चादर झटकत म्हणाली, "पण दीदी, सगळे एकदम 'हो' ओरडून ठराव उरकायचे ना, तेव्हा मी म्हणायची, मोजा. एकेकाला मत द्यायला लावायची. हरायची. पण कोण कुणीकडे होता, ते लिहिलं जायचं."

पुढची सभा. तोच ठराव. साहेब म्हणाले, "एकमताने मंजूर?" टाळ्या सुरू. आमच्या मंडळाची हीच ऐट, की इथं आजवर कशालाच विरोध झालेला नाही.

"एकमत नाही," मी म्हटलं. "मोजा."

"अहो मावशी, बसा ना!"

नाही बसले. मोजावंच लागलं. विरुद्ध एकच हात, माझा. ज्यांच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू करून दिले, त्या बायकांच्या माना खाली आणि हात वर. ठराव झाला. मी मंडळाबाहेर.

त्याच आठवड्यात रूथ मायदेशी निघाली. निवडणूक लागली होती.

"अगं, आत टाकतील तुला!"

"माहीत आहे," म्हणाली.

तिथं विमानतळावरच उचलली. कुठं ठेवलीय, अजून कळलेलं नाही.

आणि काल साहेबांनी एक कागद पुढ्यात ठेवला. माझ्याच नावानं लिहिलेला. हात चुकून वर गेला, माझी संमती धरावी.

"सही करा मावशी. आपल्याकडे एकमताची परंपरा आहे. नाहीतर मला तुमच्या व्हिसाचं बघावं लागेल."

त्यांची लेक दारात उभी होती, मोबाइलमध्ये बघत.

"बघा मग," मी म्हटलं.

कागद टेबलावर तसाच पडलाय, सहीवाचून. गावी घर उरलेलं नाही. या वयात दुसरं काम मिळायचं नाही. सगळं ठाऊक आहे मला. पण हात चुकून गेला नव्हता. मी वर केला होता.