मी डबा द्यायला जात नव्हते

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. नातीला वाटतं आजी मुद्दाम ठुमकत चालते. मीही तिला तेच सांगते. खरं कारण सांगायचं तर सात वर्षांपूर्वी माझ्याच साड्या नेसून गावात मिरवणाऱ्या एका बाईबद्दल बोलावं लागेल. तिच्याइतकी मूर्ख बाई मी अख्ख्या खालापूर तालुक्यात पाहिली नाही. ती बाई म्हणजे मीच.

डोंगराकडची आमची नाचणी-वरीची वरकस जमीन आम्ही रिसॉर्टवाल्याला विकली. पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. पाठोपाठ खोपोलीचा कारखाना बंद पडला आणि आमचे हे घरी बसले. त्याच वरकशीवर बंगले उठत होते, बिगारी बायका हव्या होत्या. चार गावांतल्या बायका जात होत्या, मीही गेले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण आम्ही पडलो जमीनवाले. जमीन विकून टाकलेले जमीनवाले! आपल्याच वरकशीवर डोक्यावर घमेलं घेऊन आपण कसं दिसायचं?

मग बाईसाहेबांनी शक्कल काढली. रोज सकाळी हातात तीन कप्प्यांचा डबा घेऊन निघायचं. कुणी विचारलंच तर, "साइटवरच्या लोकांना डबे देते, जरा धंदा सुरू केलाय." डब्यात माझ्याच दोन भाकऱ्या आणि खर्डा. वरचे दोन कप्पे रिकामे, म्हणून वाजू नयेत यासाठी त्यांत फडकी कोंबलेली. साइटवर सिमेंटच्या गोण्यांमागे साडी बदलायची. कामाची साडी डोंगरातल्या आदिवासी वाडीवरच्या एका बाईच्या पिशवीत असायची. ती आणि मी जोडीनं माल वर न्यायचो. मी तिच्या घरचं पाणी कधी प्यायले नव्हते, आणि माझी लाज मात्र तिच्या पिशवीत.

पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, "काकी, हजेरीला नाव काय लावू?"

"माझं नको रं बाबा, गावभर होईल."

"माज्या पोरीचं लावा," वाडीवरची म्हणाली. "तिला तिसरा महिना हाय, ती नाय येत आता."

झालं. माझे हात, माझी मान आणि तिच्या पोरीचं नाव. मजुरी तिच्या हातात पडायची आणि जशीच्या तशी माझ्या हातात यायची.

साइटवर हेल्मेटं होती बरं का. साहेबांची गाडी आली की वाटायचे, गाडी गेली की गोळा करून कुलपात. सात-आठ महिने असेच गेले, आणि दुसऱ्या मजल्याच्या गिलाव्याला बांबूची परांची बांधली. तिची एक फळी सकाळपासून हलत होती. आम्ही दोघींनी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "सावकाश चाला की." दुपारी फळी सरकली आणि मी सावकाश नाही, चांगली धाडकन खाली आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडलात?" एका बाजूला ठेकेदाराचा सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला माझे दीर आणि जाऊ. मांडीचं हाड मोडलेलं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि त्या मूर्ख बाईला चिंता कसली? दिरांना कळेल याची. म्हणाली, "डबा द्यायला गेले होते, तिथं पाय घसरला." सुपरवायझरचा चेहरा असा उजळला की काय सांगू! डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

ठेकेदारानं एक बिल भरलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मी कामगार कोर्टात भरपाईचा अर्ज केला. तीन वर्षं तारखा. काठी टेकत जायचं, बाकावर बसायचं, समोरचा वकील आला नाही म्हणून परत यायचं. अखेर आला तो दवाखान्यातला माझाच कागद घेऊन. "बाई कामगार नव्हत्याच. त्यांनी स्वतः सांगितलंय." साक्षीला किराणा दुकानदार आणला, माझी जाऊ आणली. जाऊ शपथेवर म्हणाली, "वयनी डबाच न्यायच्या. मी रोज बघायची." खोटं कुणी बोललंच नाही, हीच तर आग. मुकादम तेवढा खोटं बोलला. छताकडे बघत म्हणाला, "या काकींना मी वळखत नाय."

न्यायाधीश साहेबांनी मला विचारलं. मी उठून उभी राहिले. "साहेब, जाऊबाई खरं बोलल्या. खोटं मी बोलले, सगळ्या गावाशी. मी बिगारी होते. आम्हीच विकलेल्या वरकशीवर मी घमेली वाहिली." मागच्या बाकावर दीर बसले होते. त्यांच्याकडे बघितलं नाही, पण आवाज त्यांना पोचेल इतका चढवला.

मग वाडीवरची उभी राहिली. समोरचा वकील माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हजेरीत यांचं नाव कुठाय?"

"माज्या पोरीच्या नावावर हाय."

"म्हणजे तुमची मुलगी कामाला होती."

"माजी पोरगी तवा कर्जतच्या दवाखान्यात बाळंत झाली. हा तिचा कागद. त्या आठ दिवसांची हजेरी बगा, लागलीय. बाळंतीण घमेलं खाटंवरनं उचलील काय रं दादा?"

साहेब हसले. मग हसायचे थांबले आणि हजेरीचं पुस्तक ओढून घेतलं. आठ दिवसांची हजेरी होतीच. आणि मी पडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते नाव कायमचं बंद.

निकालात माझ्या नावापुढे 'कामगार' असं लिहिलंय. ठेकेदारानं अजून दमडी भरलेली नाही. मध्यंतरी तोच सुपरवायझर पेढे घेऊन दारात आला. "काकी, कशाला हेलपाटे घालता या वयात? निम्म्यावर मिटवू." जाऊ आतून खुणावत होती, घे म्हणून.

"पाय अख्खा मोडलाय रं," मी म्हटलं, "निम्मा नाय. आणि पेढे परत ने, तुझ्या मुकादमाला घाल. त्याला माणसं वळखंनाशी झालीत."

आता वसुलीसाठी खालापूरच्या तहसील कचेरीत खेपा घालते. तिथला कारकून मला बघितलं की जेवायला उठतो. मीही आता त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्याच खुर्चीत बसते.

पण माझ्या पायापेक्षा जास्त दुखतं ते दुसरंच. साक्ष दिल्यापासून वाडीवरच्या बाईला इकडचा एकही मुकादम कामावर घेत नाही. पहाटे ती नाक्यावर उभी राहते, टेंपो येतो, बाकीच्या बायका चढतात, तिला मुकादम म्हणतो जागा नाय. मी विचारलं तर म्हणाली, "मंग काय खोटं बोलायचं व्हतं काय?"

याची भरपाई कुठल्या कलमात बसते, असं मी माझ्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "काकी, तसं कलम नसतं." मी त्याच्या टेबलापुढची खुर्ची ओढली, पाय लांब केला आणि म्हटलं, "असेल. शोध. मी बसलेय."