मधली चिमणी

माझ्या पाळण्यावरचं चिमणाळं अजून आमच्या माळ्यावर आहे. पाच लाकडी चिमण्या, रंग उडालेल्या. मधलीच्या पोटावर तापलेल्या सळईनं लिहिलेलं माझं लांबलचक नाव, अक्षरं छापल्यासारखी सरळ.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हातमागांची सुतारकामं करायचे. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा झिजला की तो फेकायचा नाही, त्याची चिमणी करायची. घरात मूल जन्मलं की चार चिमण्या रंगवून तयार असत आणि मधली कोरी. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव कुणी उच्चारायचं नाही, मग आधी लिहिणार काय? नाव जाहीर झालं की अप्पा सगळ्यांसमोर सळई तापवून लिहायला बसत. पाहुणे हातातल्या घुगऱ्या विसरून बघत राहत. जळक्या लाकडाचा तो वास म्हणजेच बारशाचा वास, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

भावाला मुलगी झाली तेव्हा अप्पा ऐंशीला टेकले होते. हात इतका थरथरायचा की निम्मा चहा बशीत. भावानं आणि वहिनीनं नाव ठरवलं होतं चार अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं. त्याची मशीननं कापलेली लाकडी पाटी मोबाइलवरून मागवून झाली, घरी आलीसुद्धा. म्हणजे नाव दुकानदाराला आधी कळलं आणि आत्याला, म्हणजे मला, मागाहून! माझं डोकं सटकलं. वर भाऊ म्हणतो, "अप्पा, पाटी आलीय की. तुमी कशाला तरास घेताय?"

"मधली चिमणी मी लिवणार," अप्पा म्हणाले आणि उठून गेले.

बारशाच्या आदल्या दिवशी मी परसात डोकावले. अप्पा पाठमोरे बसून एका तुकड्यावर सराव करत होते. माझ्यादेखत सळई दोनदा घसरली. ज्या कामात या माणसानं जन्म काढला, त्याच कामात उद्या भरल्या घरात त्याची फजिती होणार होती. मी पावलं न वाजवता मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याशी वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि ठरलेलं सोडून भलतंच नाव सांगितलं. दोन अक्षरी, साधं. मग तेच मोठ्यानं. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, त्यातला वहिनीचा जरा जोरातच बसला. भाऊ तर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, सळई उचलली आणि ती दोन अक्षरं लिहिली. थोडी वाकडी, पण वाचता येतील अशी. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आठवड्यानं परस झाडताना अप्पांच्या हत्यारांच्या पेटीमागे लाकडाचे तुकडे सापडले. सगळ्यांवर पाटीवरचं तेच चार अक्षरी नाव. पहिल्या काहींवर नुसत्या जळकट रेघोट्या, मग ओळखू येणारी अक्षरं. शेवटच्या तुकड्यावर अख्खं नाव, जोडाक्षरांसकट, माझ्या चिमणीवरच्यासारखं सरळ.

तो तुकडा घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले. "अप्पा, हे जमलं हुतं की तुमाला! मग बोलला का न्हाई?"

"व्हय, जमलं हुतं." त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "पर नाव ठिवायचा मान आत्याचा. सुताराचा न्हाय."

मला रडू आवरेना. तेव्हा तो तुकडा माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "तुजं नाव ह्याच्याहून अवघड हुतं. तुजी आत्या मला आट दिस आदी गुपचूप सांगून गेली हुती. सरावाला."

मी त्या दिवशी परसात पुढं होऊन नुसतं विचारलं असतं, तरी पुरलं असतं.