एकशे अठ्ठावीसचा हट्ट

माझी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, भांडार विभागात गेली. कोणती वस्तू किती साठवायची, कशाच्या शेजारी ठेवायची नाही आणि मुदत संपली की तिची विल्हेवाट कशी लावायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यामुळे बायकोच्या नव्या फोनला स्टोरेज किती घ्यावं असा विषय घरात निघाला, तेव्हा तो माझ्याच अखत्यारीतला असल्याचं मी जाहीर करून टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण पुण्यात मत द्यायला कुणी विचारावं लागत नाही.

तिचा जुना फोन तुडुंब भरला होता. मी रीतसर साठ्याची तपासणी केली. उगवते सूर्य, त्यांवर गुलाब, गुलाबांवर सुविचार. टँकरचं पाणी कोणत्या इमारतीनं पळवलं यावर सोसायटीची प्रदीर्घ भांडणं. भिशीच्या मैत्रिणींचे एकाच पोजमधले ढीगभर फोटो, कारण प्रत्येकात कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. आणि माझं योगदान म्हणजे वांगी. मंडईत वांगी घ्यायची तर दोन-तीन गाळ्यांवरच्या वांग्यांचे फोटो घरी पाठवायचे, मंजुरी आली की मगच पिशवी उघडायची, अशी आमच्याकडची कार्यपद्धती आहे. वांगी खाऊन पचून गेली, फोटो मात्र राहिले. या सगळ्यातून जी काही जागा उरली होती, तिथे नात होती.

मुलगा, सून आणि नात इंग्लंडला असतात. जाताना मुलगा म्हणाला होता, ‘दोनच वर्षं.’ ती दोन वर्षं अजून चालू आहेत.

सकाळच्या टेकडीवर मी हा विषय काढला, ही चूकच झाली. आमच्या कट्ट्यावर स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हे ज्यांना आठवत नाही, ते गृहस्थ स्टोरेजवर अधिकारवाणीनं बोलतात. एक म्हणाले, “आमचं आयुष्य चौसष्ट जीबीत गेलं,” आणि ते अशा सुरात, की जणू चौसष्ट म्हणजे दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि त्यात सहा भावंडं. दुसरे म्हणाले, “सगळं क्लाउडवर टाका, वर सुरक्षित असतं.” वर आपण सगळेच जाणार आहोत, तिथे गेल्यावर बघू, असं म्हणून मी उतरायला लागलो.

दुकानात गेलो, तर दारातच पाण्याचा पेला पुढे आला. गिऱ्हाईक आलं म्हणून आनंद होणं ही पुण्यात अलीकडे शिरलेली प्रथा आहे, तिची मला अजून सवय नाही. विकणारी मुलगी बोलण्यावरून नागपूरकडची वाटली.

“वापर किती असते काकू तुमचा?”

“फार नाही,” मी म्हणालो. काकूंच्या वतीनं बोलायची मला सवय आहे.

“तरी पण काका, पाचशे बाराचा घेऊन घ्या ना. मग टेन्शनच नाही.”

एवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. फोनचे पैसे तोच देणार होता, त्यामुळे मार्गदर्शनही त्याचंच. “आई, पाचशे बाराच घे. पाच-सहा वर्षं मग बघायला नको. छोटी इथे शाळेत जायला लागली की बघ किती व्हिडिओ येतील.”

“इथे म्हणजे?” तिनं विचारलं.

पडद्यावर मुलगा हलायचा थांबला. मला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क ठणठणीत होतं.

“अगं, म्हणजे, सहज म्हटलं,” तो म्हणाला.

अशा वेळी गप्प बसावं, एवढं शहाणपण माझ्याकडे नाही. एका कोठारात गरजेपेक्षा जास्त साठा करण्याचे तोटे मी त्या नागपूरच्या मुलीला समजावून सांगू लागलो. ती बिचारी मान डोलावत होती. बायकोनं मला मध्येच तोडलं.

“एकशे अठ्ठावीसचा द्या.”

“आई, तो वर्षभरात भरेल!”

“भरू दे. भरला की इकडे ये आणि तूच रिकामा करून दे.”

रिक्षात बसल्यावर मी तिला सुनावायला सुरुवात केली. मुलगा आपणहून देतोय, फरक किरकोळ आहे, हा कसला हट्ट, वगैरे. तिनं बरंच ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “अहो, उन्हाळ्यात त्यानं वर्षाचा गोडा मसाला मागवला, तेव्हाच मला कळलं. आधी कसा दिवाळीपर्यंत पुरेल एवढाच मागायचा. दिवाळीला यायचं असेल तर माणूस वर्षाचा मसाला कशाला मागवेल?”

तो मसाला मी स्वतः बांधला होता. दुहेरी पिशव्या, वर चिकटपट्टी, कुरिअरवाल्यानंही पॅकिंगचं कौतुक केलं, म्हणून मी दोन दिवस फुशारून फिरत होतो. जन्मभर साठ्यावर बसलेल्या मला त्या पुड्यात काय बांधतोय ते कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मुलाचा राग आला, आणि तो राग काढायला समोर फक्त रिक्षावाला होता, म्हणून मी त्याच्याशी मीटरवरून वाद घातला.

फोन वर्षाच्या आतच भरला. भरणारच, कारण तिनं जुना सगळा माल नव्यात घेतला आणि एकही वस्तू काढली नाही. मी म्हटलं, निदान माझी वांगी तरी पुस. नाही म्हणाली. मग एक दिवस दुपारी नात चालायला लागल्याचा व्हिडिओ आला. बायकोच्या फोनवर नुसता धुरकट चौकोन, आणि खाली सूचना, जागा शिल्लक नाही. चार सूर्य मावळवले असते तरी काम झालं असतं. ती तो चौकोन बघायची, फोन पालथा ठेवायची, हात पुसून परत उचलायची.

“माझ्या फोनवर आलाय, बघ,” मी म्हणालो.

“तुम्ही बघा. माझ्यासमोर चालेल तेव्हा मी बघेन,” असं म्हणून तिनं विळीवर गवार चिरायला घेतली.

मी बाल्कनीत जाऊन एकट्यानं बघितला. पोरगी सोफ्याला सोडून निघते, हात वर करून डुलत डुलत येते आणि मध्येच बसकण मारते. मला रडू आलं. तसाच मुलाला फोन लावला.

“तुझ्या आईचा फोन भरलाय,” मी म्हणालो. “व्हिडिओ उघडत नाहीये. तिनं बघितलेला नाही.”

तो एकदम उत्साहानं म्हणाला, “बाबा, थांबा, मी इथून मोठा फोन पाठवून देतो.”

मी आत येऊन तिला तसंच सांगितलं. तिनं हातातली गवार खाली ठेवली.

“पाठवतोय,” ती म्हणाली. “घेऊन येत नाहीये.”